घड्याळ दुरुस्तीसाठी टेबलावर कोणती मॅट अंथरावी?

रामबागकर (इंदूर)

नमस्कार. मी इंदूरला रामबागेत राहतो आणि गेल्या दिवाळीपासून घरच्या घरी घड्याळे उघडून साफ करण्याचे काम शिकतो आहे. सुरुवात वडिलांच्या एचएमटी जनतापासून झाली. सध्या माझ्यापुढे दोन तऱ्हेची कामे असतात. एक म्हणजे चावी द्यायच्या जुन्या घड्याळांचे मशीन पूर्ण सुटे करून, धुऊन, तेल घालून पुन्हा जोडणे. दुसरे म्हणजे सेइकोच्या एनएच३५ या मशीनवर आपल्या पसंतीची तबकडी, काटे आणि केस (बाहेरची पेटी) बसवून नवे घड्याळ तयार करणे.

आजवर मी अभ्यासाच्या टेबलावर, सनमायकावर थेट पांढरा कागद ठेवून बसत होतो. मागच्या महिन्यात जनताच्या बॅलन्सवरील (मागेपुढे डोलणाऱ्या चाकावरील) ज्वेल, म्हणजे बारीक लाल खडा, धरून ठेवणारी पॅराशॉकची (धक्क्यापासून वाचवणाऱ्या रचनेची) इवलीशी कमान चिमट्यातून निसटली, कागदावर आपटली, तिथून उसळली आणि खोलीत कुठे गेली ते अजून कळलेले नाही. दोन संध्याकाळी आम्ही घरातली तिघे माणसे फरशीवर विजेरी आडवी धरून शोधत होतो. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतल्यानंतर असे भाग जुन्या, निकामी मशीनमधूनच काढून घ्यावे लागतात. वडिलांचे घड्याळ एका कमानीसाठी डबीत पडून आहे, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून आता नीट मॅट घेण्याचे ठरवले आहे. जेलरोडला मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ती निळी सिलिकॉनची मॅट पाहिली. तिच्यात स्क्रू ठेवण्यासाठी खोलगट कप्पे आहेत आणि एका बाजूस लोहचुंबकाची पट्टी आहे. खजुरी बाजारात स्टेशनरीच्या दुकानात चौकटी छापलेली हिरवी कटिंग मॅट मिळते. तिसरा पर्याय ऑनलाइन मागवायच्या स्विस बर्जेऑनच्या मॅटचा आहे, परंतु तिची किंमत पहिल्या दोहोंच्या कितीतरी पट आहे. यांपैकी कोणती घ्यावी, रंगाने खरोखर काही फरक पडतो का, आणि क्वार्ट्झ घड्याळे उघडायची झाल्यास स्थिर विजेची काळजी घ्यावी लागते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना बाक (राजवाडा परिसर, इंदूर)

तुमची कमान कागदाने नव्हे, कागदाखालच्या सनमायकाने उडवली. मी चौतीस वर्षे या कामात आहे आणि हरवलेल्या भागांपैकी बहुतेक भाग कडक पृष्ठभागावरून उसळूनच गेले आहेत. त्यामुळे मॅट निवडताना कंपनीचे नाव बाजूला ठेवावे आणि दुकानातच तिच्यावर वीतभर उंचीवरून एक बारीक स्क्रू सोडून पाहावा. तो पडल्या जागी थांबला, तर मॅटने तिचे मुख्य काम केले. टुणकन उडाला, तर ती परत ठेवावी.

दुसरी गोष्ट उचलण्याची. माझ्या गुरूंच्या बाकावर जाड काच होती आणि तिच्याखाली पांढरा कागद. काच पुसायला सोपी, तिच्यावर तेल मुरत नाही, आणि सुटे केलेले भाग ते उपड्या काचेच्या पेल्याखाली झाकून ठेवीत, ती सवय मी आजही पाळतो. मात्र सपाट पडलेले पातळ वॉशर काचेवरून उचलताना चिमट्याचे टोक त्याच्याखाली शिरत नाही. चिमट्याची टोके काचेवर आपटून बोथट होतात ती वेगळीच. किंचित मऊ मॅटवर टोक जरासे दाबले की पृष्ठभाग तेवढ्यापुरता खचतो, वॉशरची कड वर येते आणि ते सहज हाती लागते. मऊपणालाही मर्यादा आहे. योगा मॅटसारख्या फेसाळ पदार्थावर मशीन होल्डर डुलतो, स्क्रूड्रायव्हर फिरवताना पाते खाचेतून सुटते आणि पुलावर, म्हणजे चाके वरून धरणाऱ्या पट्टीवर, जन्माचा ओरखडा पडतो. दोन ते तीन मिलिमीटर जाडीची भरीव, मऊसर पीव्हीसी किंवा रबर मला सर्वांत योग्य वाटते.

आता तुमच्या निळ्या मॅटविषयी. सिलिकॉन ही वस्तू वाईट नाही. ती दोनशे अंशांच्या वर तापमान सहन करते, म्हणून गरम हवेची गन आणि सोल्डरिंग चालवणाऱ्यांनी ती उचलली. आपल्या कामात तेवढी उष्णता येतच नाही, आणि तिचा जो दोष मोबाइलवाल्याला जाणवत नाही तो आपल्याला नडतो. कोरडी सिलिकॉनची मॅट सदऱ्याच्या बाहीवर एकदा घासून उजेडात तिरपी धरा. कपड्यांचे तंतू, केस, धूळ सगळे तिला चिकटलेले दिसेल, आणि कोरड्या फडक्याने पुसावे तर आणखी चिकटेल. कापसाचा तंतू साधारण पंधरा-वीस मायक्रॉन जाड असतो आणि मनगटी घड्याळाच्या बॅलन्सचे टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. असा एक तंतू तेलाच्या थेंबात अडकला, तर नुकतेच साफ केलेले घड्याळ आठवड्याने परत येते आणि आपण दोष तेलाला देतो.

लोहचुंबकाची पट्टी असलेली मॅट तर घड्याळाच्या बाकावर येऊच देऊ नका. हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्सची केसासारखी बारीक वेटोळी कमान, जिला आमच्याकडचे जुने घडीसाज बालकमानी म्हणतात, ती चुंबकित झाली की तिचे वेटोळे एकमेकांना चिकटतात, कमान जणू आखूड होते आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटे पुढे पळू लागते. चिमटे आणि स्क्रूड्रायव्हर चुंबकित होतात तेही याच पट्टीमुळे, आणि मग स्क्रू चिमट्याला सोडीत नाही. साधे होकायंत्र बाकावर ठेवून पाहण्याची सवय लावावी. एखादे हत्यार जवळ नेल्यावर त्याची सुई सारखी हलली, तर ते हत्यार आधी डिमॅग्नेटायझरमधून (चुंबकत्व घालवणाऱ्या उपकरणातून) काढावे.

कटिंग मॅट मी स्वतः वापरतो, पण तिच्यावर थेट काम करीत नाही. ती कडक असते, शिवाय छापलेल्या रेघांच्या जाळ्यात बारीक स्क्रू डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. माझ्या बाकावर तळाला ती कटिंग मॅट, तिच्यावर साधी मऊ हिरवी मॅट, आणि मशीन उघडले की त्यावर कोरा पांढरा कागद असतो. प्रत्येक घड्याळाला नवा कागद. बर्जेऑन हे ले लोक्ल गावातले १७९१ पासूनचे घर आहे आणि त्यांची हत्यारे उत्तम असतात, पण पैसे मोजकेच असतील तर ते आधी चिमट्यावर आणि स्क्रूड्रायव्हरवर खर्च करावेत.

रंगाबद्दल माझे मत असे की हिरवा डोळ्यांना सोसतो. पितळ, पोलाद आणि लाल ज्वेल हे तिन्ही त्यावर वेगळे उठून दिसतात. निळ्या मॅटवर निळे केलेले पोलादी स्क्रू हरवतात. पांढरा स्पष्ट असतो, परंतु त्यावर दिव्याचा उजेड परावर्तित होऊन तासाभरात डोळे थकतात, म्हणून मी कागद वहीच्या अर्ध्या पानाएवढाच ठेवतो आणि सभोवती हिरवे राहू देतो.

मॅटइतकेच महत्त्व तिच्या उंचीला आणि काठाला आहे. घड्याळजीचा बाक जवळजवळ छातीशी येईल इतका उंच असतो. कोपरे टेकलेली राहतात आणि मान मोडून वाकावे लागत नाही. तुमचे टेबल त्याहून बरेच खाली असणार. त्यावर घरातला भक्कम चौरंग ठेवावा, मॅट चौरंगावर घालावी आणि चौरंगाच्या तीन बाजूंना बोटभर उंचीची लाकडी पट्टी मारून घ्यावी. पुढची बाजू मोकळी ठेवून तिथे एक फिक्या रंगाचे सुती नसलेले कापड टाचावे आणि त्याचे दुसरे टोक कमरेला बांधावे. मांडीवर पडलेला भाग त्या झोळीत सापडतो. पंखा बंद ठेवावा, हे उन्हाळ्यात कठीण असले तरी. आणि रंगपंचमीच्या गेरीनंतर (रंगांच्या मिरवणुकीनंतर) राजवाड्याच्या आसपासच्या घरांत गुलाल आठवडाभर हवेत राहतो, तेव्हा मॅट पिशवीत गुंडाळून ठेवावी. त्या आठवड्यात मी मशीन उघडत नाही.

सर्किट (विजयनगर, इंदूर)

वरील उत्तर उत्तम आहे. मी केवळ स्थिर विजेपुरते लिहितो, कारण इलेक्ट्रॉनिक्स हा माझा रोजचा विषय आहे.

क्वार्ट्झ घड्याळात सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक असतो. सर्किटमधील आयसी त्या संख्येला पंधरा वेळा अर्धे करून सेकंदाला एक ठोका मिळवतो आणि मोटरला पाठवतो. ही आयसी अतिशय कमी विजेवर चालते आणि बाहेरून आलेला झटका तिला सोसत नाही. माणसाला दरवाजाच्या मुठीवर बसलेला झटका जाणवतो तेव्हा अंगावर सुमारे तीन हजार व्होल्ट साठलेले असतात. नाजूक भाग त्याहून पुष्कळ कमी व्होल्टवर, आपल्याला काहीही न जाणवता बिघडू शकतात. माळव्यात पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते तेव्हा हा धोका कमी असतो. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत आणि लू चालू झाल्यावर तो वाढतो.

अँटिस्टॅटिक मॅट म्हणून जी विकली जाते ती साधारणतः दोन थरांची रबरी मॅट असते. वरचा थर वीज सावकाश वाहू देतो, त्याचा रोध दहा लाख ते शंभर कोटी ओहम यांच्या दरम्यान असतो. खालचा काळा थर वीज चांगली वाहून नेतो. कोपऱ्यात एक बटण असते, त्याला तार जोडून ती अर्थिंगला द्यायची असते, आणि त्या तारेत दहा लाख ओहमचा रेझिस्टर असावा लागतो, जेणेकरून चुकून मुख्य विजेशी संबंध आला तरी माणसाला इजा होणार नाही. तार न जोडता नुसती मॅट अंथरली, तर निम्मे काम होते. जुन्या घरात तिसऱ्या पिनला अर्थिंग खरोखर आले आहे की नाही, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय तार जोडू नका.

एक गोष्ट मात्र यांत्रिक घड्याळांसाठीही उपयोगाची आहे. सिलिकॉन घासले की तिच्यावर भार साठतो आणि धूळ त्या भारामुळेच खेचली जाते. अँटिस्टॅटिक रबरावर भार टिकत नाही, त्यामुळे तंतूही कमी चिकटतात. विकत घेताना नुसत्या रंगावर जाऊ नका. बाजारात साधी सिलिकॉनची मॅटही अँटिस्टॅटिक म्हणून दाखवली जाते. थर कापलेल्या कडेवर दिसतात, ते पाहावेत.

रामबागकर (इंदूर)

दोघांचेही मनापासून आभार. काका, चौरंगाची कल्पना मला सुचलीच नसती. आमच्याकडे पूजेचा जुना चौरंग आहे, पण आई तो देणार नाही, म्हणून दुसरा घेईन. एनएच३५वर तबकडी आणि काटे बसवताना याच मऊ मॅटवर मशीन ठेवून काटे दाबले तर चालेल का? काटे बसवताना मला मशीन एका बाजूला कलल्यासारखे वाटते.

तबकडी (वडोदरा)

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. एनएच३५ हे स्वयंचलित मशीन आहे, त्याच्या पाठीवर फिरणारा रोटर असतो. तबकडीची बाजू वर करून ते नुसते मॅटवर ठेवले की सगळा भार रोटरवर आणि त्याच्या बेअरिंगवर येतो, आणि वरून काटा दाबताना मऊ मॅट एका बाजूला खचते. तुम्हाला जाणवलेले कलणे तेच आहे. या मशीनसाठी प्लास्टिकचा ठराविक होल्डर मिळतो, तो मशीनला कडेने धरतो आणि रोटर अधांतरी राहतो. तो होल्डर कडक पृष्ठभागावर ठेवावा. मी काटे बसवताना मॅट बाजूला सारून होल्डर थेट लाकडावर ठेवते. तासकाट्याचे छिद्र १.५० मिलिमीटर, मिनिटकाट्याचे ०.९० आणि सेकंदकाट्याचे ०.२० मिलिमीटर असते. त्या शेवटच्या काट्याला सरळ दाब मिळाला नाही, तर त्याची बारीक नळी वाकते आणि काटा वाया जातो. मी असे तीन काटे घालवले आहेत.

वडोदऱ्यात मी गेली सहा वर्षे रावपुऱ्यातल्या घरी केवळ अशी घड्याळे जोडण्याचे काम करते, जुनी दुरुस्ती क्वचितच. त्या अनुभवावरून माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की कापण्या-घासण्याच्या कामासाठी आणि जोडणीसाठी दोन वेगळ्या मॅट ठेवाव्यात, आणि त्यांची अदलाबदल कधीही करू नये. आपल्या कामात घाण जितकी बाहेरून येते तितकीच आपण स्वतः निर्माण करतो. नव्या केससाठी एनएच३५चा स्टेम (चावीची दांडी) मापाने कापून कानशीने घासावा लागतो, आणि त्यातून पोलादाचा चुरा निघतो. चावी तीन वाजता असावी की थोडी खाली, यावरून तबकडीच्या मागच्या चार खुंट्यांपैकी नको असलेल्या दोन कापाव्या लागतात, त्यातून पितळेचा चुरा निघतो. हा पोलादाचा चुरा मऊ मॅटमध्ये रुततो, पुसून निघत नाही, आणि पुढच्या महिन्यात तिच्यावर मशीन उघडले की चुंबकाकडे, म्हणजे क्वार्ट्झच्या मोटरमधल्या रोटरकडे थेट जातो. खजुरी बाजारातील कटिंग मॅट या घाणेरड्या कामासाठी उत्तम आहे. खुंटी कापताना तबकडी आणि कटर दोन्ही पारदर्शक पिशवीत धरून कापावे, तुकडा गोळीसारखा उडतो.

रंगाविषयी वरच्या काकांशी मी पूर्ण सहमत नाही. जुन्या मशीनसाठी हिरवा योग्य असेल, पण तबकडीच्या कामात मला राखाडी रंग बरा वाटतो. हिरव्याची छटा चकचकीत तबकडीवर आणि पॉलिश केलेल्या काट्यांवर पडते, आणि धुळीचा कण आहे की प्रतिबिंब, हे ओळखता येत नाही. तबकडी कोणत्याही मॅटवर पालथी ठेवू नये. मऊ पीव्हीसीमध्ये मऊपणासाठी घातलेले तेलकट द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येते, आणि रंग किंवा लाखेवर त्याचा डाग बसतो. नवी मॅट आणली की भांड्यांच्या साबणाने दोनदा धुवावी आणि टॉवेलने न पुसता उभी करून वाळवावी, कारण टॉवेल पुन्हा तंतू सोडतो. ॲसिटोन तिच्यावर सांडू देऊ नये, पीव्हीसी चिकट होऊन विरघळू लागते.

आणखी एक इशारा महत्त्वाचा म्हणून लिहिते. १९६०च्या आधीचे स्विस घड्याळ हाती आले आणि त्याच्या काट्यांवर पिवळट-तपकिरी, भुसभुशीत झालेला चमकीचा लेप असेल, तर तो रेडियमचा असण्याची शक्यता धरून चालावे. चमक विझलेली असली तरी किरणोत्सर्ग विझत नाही. रेडियमचे अर्धे आयुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे, आणि ती भुकटी मॅटवर पडून श्वासात जाणे हे खरे भय आहे. असे घड्याळ घरी उघडूच नये, हे माझे मत आहे.

जुना बाक (राजवाडा परिसर, इंदूर)

ताईंचे दोन मॅटचे म्हणणे बरोबर आहे. माझ्या दुकानात कानस आणि कटर वेगळ्या टेबलावर असतात, त्यामुळे ते सांगायचे राहून गेले. रेडियमबद्दलही त्यांनी लिहिले हे चांगले केले, आमच्या पिढीने ती पूड फुंकर मारून उडवलेली आहे. राखाडी रंग मी वापरलेला नाही, म्हणून त्यावर बोलत नाही.

रामबागकर (इंदूर)

काल खरेदी झाली. सियागंजात रबराच्या दुकानातून दोन थरांची राखाडी अँटिस्टॅटिक मॅट मापाने कापून घेतली. चौरंगाच्या आत बसेल अशी, साधारण ए३ आकाराची. दुकानदाराच्या परवानगीने तिच्यावर स्क्रू सोडून पाहिला, तो जागीच थांबला. कापण्यासाठी ए४ची कटिंग मॅट वेगळी घेतली आणि तिच्या पाठीवर 'फक्त कापणे' असे लिहून ठेवले. अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियन रविवारी येणार आहे, तोवर क्वार्ट्झला हात लावणार नाही. निकामी जनताच्या मशीनमधून पॅराशॉकची कमान काढली आणि ती बसवताना दोनदा हातून सुटली, पण दोन्ही वेळा मॅटवरच सापडली. वडिलांचे घड्याळ कालपासून चालू आहे.

एकच विचारायचे राहिले. काका, आपण मॅटवर कोरा कागद टाकता असे म्हणालात. मी झेरॉक्सचा कागद फाडून टाकला, तर भिंगातून त्याच्या कडेला तंतूच तंतू दिसले. कोणता कागद वापरावा?

जुना बाक (राजवाडा परिसर, इंदूर)

घड्याळ चालू झाल्याचे वाचून फार बरे वाटले. कागद फाडू नये, पात्याने कापावा. फाटलेली कड तंतू सोडते, कापलेली फारसा सोडत नाही. झेरॉक्सच्या कागदापेक्षा आर्किटेक्ट लोक वापरतात तो ट्रेसिंग पेपर घ्या. तो घट्ट आणि गुळगुळीत असतो, त्याची भुकटी होत नाही, आणि तुमच्या राखाडी मॅटवर ठेवला की चांगला फिका दिसेल. मोठा कागद आणून एकदाच वीस-पंचवीस तुकडे कापून झाकणाच्या डब्यात ठेवा. कागद गुंडाळीत मिळत असेल तर तुकडे दोन दिवस जाड पुस्तकाखाली दाबून ठेवावेत, नाहीतर कडा वर वळतात आणि भाग त्याखाली जाऊन बसतो.